राखणीच्या ताटातली चव्वेचाळिसावी सुपारी

१

पैज लागली ती अंड्यांवरून.

आंबेकोंड वाडीतला मी एकुलता एक दुकानदार. नाव धाकटू. तोंडावर सगळे धाकटूशेट म्हणतात, पाठीमागं जे म्हणतात त्यातलं निम्मं मीच पसरवलंय. त्या मंगळवारी सकाळी महिपतदादा माझ्या बाकड्यावर तंबाखू मळत बसला होता. गावकीचा मुख्य तो. वय सत्तर, मिशी पांढरी, सही इंग्रजीत.

"आपली वाडी म्हंजे सव्वाशे माणूस," तो म्हणाला.

"मुंबई धरून," मी म्हटलं. "आज राती हितं जेवणारी फक्त त्रेचाळीस."

"तुला कुणी सांगितलं?"

"अंड्यांनी. कुठल्या घरात किती अंडी, किती काडेपेट्या, किती साबण, सगळं माझ्या बोटांवर हाय. गणपतीचे चाकरमानी गेले त्या दिवसापासून ह्या दुकानातनं त्रेचाळिसाच्या वर एका तोंडाचा माल गेलेला नाय."

"तुझी अंडी खोटी."

"दादा, अंडं कधी खोटं बोलत नाय. कोंबडी बोलंल."

समोरच्या अंगणात हौसा झाडू मारत होती. तिनं झाडू भिंतीला टेकवला. भांडण असो, लग्न असो, हौसाला ते अर्ध्यावर आलेलं चालत नाही. "नुसतं बोलता काय? पैज लावा. आज ताट हायच की."

म्हणजे राखणीचं ताट. आमच्याकडं माणूस बोट दाखवून मोजत नाहीत. मोजला की कमी होतो म्हणतात. न मोजता तरी कुठं वाढला, हे मी एकदा विचारलं होतं, त्यावर गुरवानं मला आठ दिवस तीर्थ दिलं नव्हतं. तर माणसाऐवजी सुपारी मोजतात. नवा तांदूळ शिजवायच्या आधी प्रत्येक घरानं देवळात यायचं आणि वाडीत हजर असलेल्या माणशी एक सुपारी ताटात टाकायची. मुंबईवाल्यांची टाकायची नाही. जेवढ्या सुपाऱ्या तेवढ्या मुठी तांदूळ शिजतो आणि तेवढ्यांची वर्षभर राखण देव करतो. ज्याची सुपारी नाही त्याची राखण नाही.

पैज ठरली. त्रेचाळीस निघाल्या तर महिपतदादा हरला, एक जरी कमीजास्त झाली तर मी हरलो. हरणाऱ्यानं देवळासमोर उभं राहून जिंकणाऱ्याच्या नावानं गाऱ्हाणं घालायचं आणि अख्ख्या वाडीनं त्यावर "होय महाराजा" म्हणायचं.

मला वाटलं, महिपतदादा माझ्या नावानं गाऱ्हाणं घालतोय ते मोबाईलवर घेऊन मुंबई मंडळाच्या ग्रुपवर टाकायचं. तेवढ्या आनंदात मी दुपारची झोप पण घेतली नाही.

संध्याकाळी शिवा गुरवानं ताट मांडलं. महिपतदादा मानकरी. त्यानं उघड्या ताटात सगळ्यांच्या देखत सात सुपाऱ्या ठेवल्या, एकेक करून. मग ताटावर लाल फडका पडला. बाकीच्यांनी फडक्याखाली हात घालून आपापल्या सोडायच्या, म्हणजे कुणाच्या घरात किती ते दुसऱ्याला दिसायला नको.

सगळे हात घालून झाले. शिवानं फडका काढला, मोजायला बसला. मी मोबाईल काढून तयार.

"त्रेचाळीस," शिवा म्हणाला. आणि ताटात बघत राहिला. मग त्यानं आणखी एक उचलली. "चव्वेचाळीस."

पुन्हा मोजल्या. चव्वेचाळीसच.

हशा माझ्यावर व्हायला हवा होता. पण कुणी हसलं नाही, कारण दारात उभ्या ऋतिकाच्या हातातली वही खाली पडली होती.

२

ऋतिका माझी पुतणसून. तिचा नवरा सोनू मुंबईला कुरिअरच्या गाडीवर असतो. ही वाडीची अंगणवाडी चालवते आणि वाडीतल्या माणसांची यादीही तीच करते.

गणपतीआधी तिनं पहिली यादी केली तेव्हा घराघरातनं आकडा आला, आमच्यात नऊ, आमच्यात अकरा. इथं म्हातारी एकटी चुलीपुढं बसलेली असते, पण "घरात किती माणसं" विचारलं की ती मुंबईच्या खोलीतली सगळी धरते. खोटं म्हणून नाही, तिच्या मनात ती तिथंच असतात. ऋतिकानं तसंच लिहिलं, एकशे एकवीस. वरच्या मॅडम आल्या आणि त्यांना दिसली तीस-पस्तीस. लेखी शेरा बसला. आणखी एक शेरा बसला की काम गेलं, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

म्हणून यावेळी ती घरोघर जाऊन, माणूस डोळ्यांनी बघून लिहीत गेली होती. बाया सव्वीस, बापये बारा, पोरं पाच. त्रेचाळीस. मॅडम गुरुवारी अकरा वाजता येणार होत्या आणि यादीखाली गावकीच्या मुख्याची सही लागणार होती.

"मी सही करणार नाय," महिपतदादा म्हणाला. रागानं नाही, खाली बघून म्हणाला. "पोरी, देवाचं ताट चव्वेचाळीस म्हणतंय. तुझी वही त्रेचाळीस. मी कुणाला खोटं पाडू?"

"आबा, मी चव्वेचाळीस लिहिते की. पण नाव काय लिहू? वय काय?"

मग सगळ्यांच्या माना वळल्या, माझ्याकडं.

वळणारच. मागं मी देवळाच्या भोंग्यावरनं जाहीर केलं होतं की पंचायतीची माणसं मिशा मोजायला येतायत आणि मिशीमागं घरपट्टीसारखी पट्टी बसणार आहे. तिघांनी त्याच दिवशी मिशा काढल्या. ते तिघं आता पुढं येऊन उभे होते.

"धाकट्या, देवाच्या ताटात पण गंमत?" शिवा म्हणाला.

"अरे मी पैज हरलो की. माझीच पैज बुडवायला मी सुपारी कशाला टाकू?"

"तुझा काय नेम," शिवा म्हणाला. माझा खरंच काही नेम नाही.

"कुणी बाहेरचा आला असंल," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"कुठनं?" हौसा म्हणाली. "उडत?"

आमच्या वाडीला मागं कडा, पुढं पऱ्या. पऱ्या म्हणजे ओढाच, पण पावसात त्याला नदीचा माज येतो. त्यावर माडाच्या खोडांचा साकव होता, तो परतीच्या पावसानं रविवारी नेला. एसटी पलीकडं, बाजार पलीकडं, डॉक्टर पलीकडं. नवीन दोन माड तोडून काठावर आणून ठेवले होते, पण ते ओढायला कुणीतरी दोरी घेऊन पलीकडं जायला हवं, आणि छातीएवढ्या पाण्यातनं जाईल असा बाप्या वाडीत नव्हता. बाराही पन्नाशीच्या पुढचे, त्यातला सगळ्यात तरणा मी. शेजारच्या गावाला फोन केला तर ते म्हणाले, आमच्याकडं पण म्हातारेच आहेत, पाणी उतरू दे.

तर रविवारपासून वाडीत कुणी आलं नव्हतं, वाडीतून कुणी गेलं नव्हतं. जी काय भानगड होती ती आमच्यातच कोंडलेली होती.

घरी जाताना ऋतिका माझ्याबरोबर चालत होती. "काका, खरं सांगा. तुम्ही टाकलीत?"

"नाय."

"टाकली असलीत तर सांगा, मी रागावणार नाही. काम गेलं तर मला पुन्हा मुंबईच्या त्या खोलीत जावं लागेल. सात माणसं एका खोलीत. मी दोन वर्षं काढलीत तिथं, पंख्याखाली झोपायचे पण नंबर लागायचे."

मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलत होतो आणि ते कुणालाच पटत नव्हतं.

"गुरुवार अकरापर्यंत तुझा चव्वेचाळिसावा शोधून देतो," मी म्हटलं. म्हटलं खरं, आणि रात्रभर डोळा लागला नाही.

३

बुधवारी सकाळी मी पहिला गेलो शिवाकडं. दम्यानं बेजार माणूस, ओटीवर बसून वाफ घेत होता.

"फडक्याखाली कुणाचा हात जास्त वेळ ऱ्हायला?"

"सगळ्यांचाच. म्हाताऱ्या हात घालून देवाशी बोलत बसतात."

"तू स्वतः टाकलीस काय? चुकून?"

"चाळीस वर्सं ताट मांडतोय मी." त्यानं टॉवेल डोक्यावरनं काढला. "पण तुला एक सांगतो. जास्तीची कोण टाकील? एक तर जो अजून आला नाय त्याच्यासाठी, नाय तर जो गेला त्याच्यासाठी."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अजून न आलेला म्हटल्यावर एकच घर. हौसाची सून दिशा सात महिन्यांची गरोदर, बाळंतपणाला इथंच आलेली.

हौसा भांडी घासत होती.

"हौसा, काल दुकानातनं किती सुपाऱ्या नेल्यास?"

"पाच."

"घरात माणसं चार."

तिचा हात थांबला. मला वाटलं, सापडली. इतकं सोपं निघालं म्हणून मी जरा नाराजच झालो.

"बस हितं," ती म्हणाली. आत गेली आणि दिशाच्या उशाखालची चिंधी घेऊन आली. गाठ सोडली. आत पांढरीशुभ्र सुपारी. "पाचवी ही. टाकावीशी वाटली हो, लई वाटली. पण फडक्याखाली हात गेल्यावर भ्याले. न जल्मल्याला मोजू नये. म्हणून परत आणून तिच्या उशाला ठेवली."

"कुणाला सांगू नका," दिशा आतून म्हणाली. "मामंजी हसतील."

उरला भागोजी. मागच्या पावसात त्याची बायको गेली. अजून दोन ताटं वाढतो म्हणतात.

भागोजी आंब्याखाली बसला होता. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "माझ्यावर आलास ना? काल एकच टाकली. सावित्रीची राखण आता हितल्या देवाकडं नाय, तिकडच्याकडं हाय. त्येवढं कळतंय मला." मग वर आंब्याकडं बघत, "दोन ताटं वाढतो ते खरं हाय. पण दुसरं कुत्र्याला घालतो."

दुकानात परत आलो तेव्हा दारात येसूबाई उभी होती. वाडीच्या टोकाला राहते, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा दीपक मुंबईला मोठ्या हॉटेलात सुपरवायझर. तिचा माल मला पाठ: आठवड्याला दोन अंडी, एक काडेपेटी. त्या दिवशी तिनं सेफ्टीपिनांची पट्टी मागितली.

"परवाच नेलीस की वहिनी. पिना भाजून खातेस काय?"

ती हसली नाही. पट्टी घेतली आणि गेली.

मी गल्ल्यावर बसलो. न जन्मलेलं नाही, मेलेलं नाही. मग ती सुपारी जिवंत माणसाचीच होती. आणि जिवंत माणूस माझ्या दुकानातनं न खाता राहतोच कसा?

४

डोकं चालेना तेव्हा मी शिवाकडनं ताट मागून आणलं. त्यानं दिलं, पण स्वतः दम खात माझ्या शेजारी येऊन बसला. महिपतदादापण आला. त्याला वाटत होतं मी आता ताटातली एक खिशात घालणार.

मी सुपाऱ्या बाकड्यावर ओतल्या. आणि ओतताक्षणी कळलं की आम्ही सगळे कालपासून आकड्याकडंच बघत होतो, सुपाऱ्यांकडं कुणी बघितलंच नव्हतं.

"दादा, ही बघ. ही माझ्या दुकानातली. राजापूरच्या बाजारातनं येते. मोठी, गोल, पांढरी. आणि ही?"

"ही आमच्या पोफळीची." महिपतदादानं ती हातात घेतली. बारकी, तांबूस, सोललेल्याचे धागे अजून चिकटलेले.

"वाडीत पोफळी कुणाच्या?"

"माझ्या. आणि येसूच्या परड्यात चार हायत."

"म्हंजे दोन घरं सोडून सगळ्यांनी माझ्याकडनं नेल्या. काल माझ्या घरच्या धरून छत्तीस गेल्या. त्यातली एक हौसाच्या घरात हाय, का ते विचारू नको. ऱ्हायल्या पस्तीस."

आम्ही पांढऱ्या वेगळ्या काढल्या. पस्तीस भरल्या. बरोब्बर.

तांबड्या उरल्या नऊ. महिपतदादाच्या घरात माणसं सात. येसूबाई एकटी. सात आणि एक आठ.

"नववी घरची हाय," मी म्हटलं.

शिवा हळूच महिपतदादाकडं वळला. पैज जिंकली कोणी, तर ह्यानं. सुपारी कोणाची, तर ह्याच्या पोफळीची. सगळं इतकं नीट जुळत होतं की मला त्याची दया आली.

"माझ्याकडं काय बघता?" महिपतदादाचा आवाज बारीक झाला. "मी फडका पडायच्या आधी ठेवल्या. सगळ्यांनी बघितल्या. सात."

"सात," शिवानं मान हलवली. "आणि नंतर तू ताटाजवळ आला नायस. ते मी सांगतो."

महिपतदादा म्हणाला, "येसू? एकटी बाई दोन कशाला टाकील? म्हातारपणी चुकली असंल."

"असंल," मी पटकन म्हटलं आणि सुपाऱ्या ताटात भरून टाकल्या.

पण येसूबाई देवासमोर चुकणारी बाई नव्हती. आणि मला आता त्या सेफ्टीपिना दिसत होत्या. कशाला लागतात एवढ्या? मघाशी ती पट्टी घ्यायला वाकली तेव्हा पोलक्याला दोन्ही बाजूंनी पिना लावून ते आवळलेलं होतं. दीड महिन्यात बाई निम्मी झाली होती, आणि मी रोज तिला बघत होतो.

माझी अंडी खोटी नव्हती. त्रेचाळीस तोंडांचाच माल जात होता. फक्त एका घरात एका तोंडाचं अन्न दोघं खात होती.

५

दुपारी मी येसूबाईच्या ओटीवर जाऊन बसलो. ती सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मूठभरच होता, पण ती त्यातला दाणा न् दाणा बघत होती.

"वहिनी, दोन का टाकल्यास?"

सूप थांबलं नाही. "कोण म्हणतो दोन?"

"सुपाऱ्याच म्हणतात."

"चुकून पडली असंल."

"वहिनी, तू देवाच्या ताटात चुकलीस तर मी दाढी वाढवून काशीला जातो."

वर माळ्याची फळी करकरली. एकदाच. सुपातल्या तांदळावर वरनं बारीक धूळ पडली. आम्ही दोघंही त्या धुळीकडं बघत राहिलो.

"उंदीर हायत," ती म्हणाली.

"मोठे हायत."

तिनं सूप खाली ठेवलं. पदर तोंडाला लावला आणि बोलली, इतक्या हळू की मला पुढं वाकावं लागलं.

"ऋतिकाला खोटं सांगितलं. ती माणूस हाय, माफ करंल. देवाला कसं सांगू? वर्सभर पोराची राखण कोण करणार? काल हात घातला, एक सोडली, आणि दुसरी मुठीतनं सुटतच नव्हती. मंग सुटली."

दीपक गणपतीला आला होता. नवा शर्ट, मुलांना खाऊ, सगळ्यांना सुपरवायझर असल्याचं सांगणं. आम्ही सगळ्यांनी त्याला एसटीत बसवलं होतं, मी त्याची बॅग वर टाकली होती. तो राजापूरला उतरला आणि चालत परत आला. हॉटेल बंद पडून तीन महिने झाले होते. खोलीतल्या पोरांनी त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला होता. तेव्हापासून तो माळ्यावर. दिवसा खाली उतरायचं नाही, खोकायचं नाही, आईशी बोलायचं ते पुटपुटत.

"पण लपायचं कशाला? आपलाच गाव हाय."

येसूबाईनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"भावोजी, तुमीच बाकड्यावर बसून म्हणता ना. जो मुंबईला गेला तो चाकरमानी, जो गावात ऱ्हायला तो फुकट गेला. सगळी हसतात. त्यो बी हसायचा."

ते वाक्य माझं. घोटून घोटून गुळगुळीत केलेलं, दर वेळी टाळी घेणारं. आता ते वाक्य माळ्यावर चढून बसलं होतं आणि खाली उतरत नव्हतं.

मी अडकलो होतो. बोललो तर ह्या बाईची इज्जत चव्हाट्यावर. गप्प बसलो तर उद्या अकरा वाजता ऋतिकाचं काम जातं. ऋतिकाला एकटीला सांगून नाव लिहून घेतलं, तरी सही करताना महिपतदादा वाचणार, आणि दुपारपर्यंत अख्खी वाडी शिडी घेऊन दारात. पोराला ओढून खाली आणलं, तर ते पुन्हा कुठल्या माळ्यावर चढेल कोण जाणे. त्याला स्वतःच्या पायानं उतरायला हवं होतं.

मग मला एक गंमत सुचली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट.

मी उठलो, मान वर केली आणि फळ्यांकडं बघून नेहमीच्या दुकानातल्या आवाजात बोललो. "वहिनी, उद्या सकाळी धा वाजता मी दोरी घेऊन पऱ्यात उतरतोय. साकव टाकायचाच हाय. मला पोहायला येत नाय, तुला म्हायतच हाय. आणि वाडीत पोहणारा दुसरा कोण नाय. असं सगळे धरून चाललेत."

वरनं आवाज आला नाही. मी चपला घातल्या.

६

गुरुवारी दहाला सगळी वाडी पऱ्यावर. पाणी गढूळ, काठाला घासत चाललेलं. माड ओढायला बाया पण पदर खोचून आल्या होत्या. हौसा तर पहिल्या दोरीला. अडचण ओढण्याची नव्हतीच. पलीकडच्या फणसाला दोरी बांधायला माणूस हवा होता.

मी शर्ट काढला. दोरी कमरेला बांधली.

"ही पण गंमत काय?" महिपतदादा म्हणाला.

"व्हय."

"धाकट्या, पाणी कमी नाय. येडेपणा करू नको."

"काका, नको," ऋतिका म्हणाली. वही तिनं पदराखाली छातीशी धरली होती. "माझ्या कामासाठी हे नको. मी जाईन परत मुंबईला."

"तुझ्यासाठी कोण करतंय? माझ्या दुकानातला साबण संपलाय."

वाडीच्या वाटेकडं बघितलं. कोणी नव्हतं. मी सांगतो, त्या क्षणी मला घरी जावंसं वाटलं. पण सगळी बघत होती, आणि थट्टा करणाऱ्याला मागं फिरायची सोय नसते. मी उतरलो.

पाणी गुडघ्याला, मग मांडीला. खालचे दगड गोटीसारखे फिरत होते. कमरेला आलं तेव्हा मी पुन्हा वळून बघितलं. वाट रिकामी. छातीला आलं आणि पायाखालचा दगड गेला.

नाकातोंडात पाणी. वर माणसांचा कल्ला, दोरी कमरेला कापत होती, माणसं काठाकडं ओढत होती, आणि पऱ्या मला दुसरीकडं ओढत होता. माझ्या डोक्यात आलेला शेवटचा शहाणा विचार असा की, पोराला झोप लागली असेल तर?

मग काखेखाली हात आला. कुणीतरी मला पाठीमागनं उचलून दगडाला टेकवलं आणि कानात म्हणालं, "दोरी सोडा काका, मी नेतो."

दाढी वाढलेली, रंग उडालेला, उजेडात डोळे मिचकावत होता. दीपक. त्यानं माझ्या कमरेची दोरी सोडली, दातांत धरली आणि पाण्यात तिरका निघाला. लहानपणी इथंच शिकला होता. दहा हात खाली वाहिला, मुळी पकडली, वर चढला. फणसाला दोरी बांधली आणि तिथंच उभा राहिला. मधे पऱ्या, इकडं सगळी वाडी.

येसूबाई सगळ्यांच्या मागं उभी होती. चेहरा असा, की आता हिला कुणी काही बोललं तर ही पाण्यात जाईल.

"दीपक हाय की काय तो?" महिपतदादा म्हणाला. "कधी आला?"

"गेलोच नाय," पलीकडनं दीपक ओरडला. आवाज फाटला. "वरच होतो. माळ्यावर."

मला बायांनी काठावर ओढून घेतलं होतं, मी पाणी ओकत होतो. हौसाच बोलली. ती दोन्ही हात कमरेवर ठेवून पुढं आली.

"काय रं मेल्या. चार दिस आमी म्हाताऱ्या माड ओढतोय, आणि तू वरनं बघतंयस? बांध ती दुसरी दोरी नीट. ढिली बांधलीस तर तिकडं येऊन कान पिळीन."

कुणीतरी हसलं. मग सगळीच हसली. येसूबाई मटकन खाली बसली आणि तिथनंच, पदर तोंडात धरून, ती पण.

७

साडेदहाला नवा साकव बसला. दीपक त्यावरनं अलीकडं आला तेव्हा ऋतिका वही उघडून धोंड्यावर बसली होती.

"नाव माहीत आहे. वय?"

"एकोणतीस."

"इथं किती दिवस राहणार?"

त्यानं आईकडं बघितलं, मग पऱ्याकडं. "म्हायत नाय."

"लिहायला आज हजर असलास तरी पुरे." तिनं लिहिलं. "काम?"

महिपतदादा खिशातलं पेन काढत पुढं आला. "लिही, साकव बांधतो. आत्ता तर तेच करतोय." आणि खाली त्यानं आपली इंग्रजी सही ठोकली.

मॅडम अकराला आल्या, साकवावर एकेक पाय जपून टाकत. वही बघितली, देवळात जमलेली डोकी बघितली, आणि माणसं मोजू नयेत हे त्यांना कुणी सांगायच्या आत बोट दाखवून मोजली. चव्वेचाळीस. शेरा लिहिला नाही. ऋतिकानं वही मिटली आणि पहिल्यांदा मला तिचे दात दिसले.

"चला," महिपतदादा मिशीवर हात फिरवत म्हणाला. "धाकटूशेट, पैज."

अंग ओलं, नाकात पाणी, समोर त्रेचाळीस माणसं आणि एक मॅडम. हौसा मोबाईल धरून उभी, शूटिंग मुंबई मंडळाच्या ग्रुपवर जाणार. शिवानं माझ्या हातात नारळ दिला.

मी गाऱ्हाणं घातलं.

"आंबेकोंडाच्या देवा महाराजा, आज हा धाकटू जो काय तुझ्या दारात उभा ऱ्हायला हाय, तो पैज हरलेला हाय."

"होय महाराजा."

"महिपतदादासारखा शहाणा माणूस पंचक्रोशीत नाय, हे त्यानं तुझ्या साक्षीनं कबूल केलेलं हाय."

"होय महाराजा." सगळ्यात मोठा आवाज महिपतदादाचाच.

"ह्याला अंडी मोजता येतात, माणसं मोजता येत नायत, त्याची अक्कल तू ठिकाणावर आण."

"होय महाराजा." हे जरा जास्तच मनापासून आलं.

इथं संपायचं होतं. पैज एवढीच होती. पण नारळ हातात होता आणि दीपक खांबाला टेकून, खाली मान घालून उभा होता.

"आणि महाराजा, जो गावात ऱ्हायला तो फुकट गेला, असं जे ह्या तोंडातनं निघालं, ते खोटं हाय. ते तू पऱ्यात सोड."

आता कुणी होय म्हणेना. त्यावर सगळीच हसली होती ना आजवर. महिपतदादानं मिशीवरचा हात खाली घेतला. हौसाचा मोबाईल खाली आला. मॅडमना काय चाललंय कळेना, त्या ऋतिकाकडं बघत होत्या.

मी नारळ धरून उभाच. हात दुखायला लागले.

मग खांबाकडनं आवाज आला. दीड महिना दाबून ठेवलेला, बसलेला.

"होय महाराजा."

मी नारळ फोडला.